पेटीचं गिऱ्हाईक कधी सोडायचं, कसं सोडायचं (नवीन कारागिरांसाठी)

नवीन पोरांचे फोन येत राहतात, की दादा आता हार्मोनियमचा सूर (म्हणजे आतलं रीड) घासता येतो, भात्याचं कातडं बदलता येतं, डबल लाइनची पेटी (एका पट्टीला दोन सूर) एकट्याने उघडून परत बसवता येते, पण अमुक एक गिऱ्हाईक डोकं खाऊन राहिलं, त्याचं काय करू सांगा. याचं उत्तर एका फोनमध्ये होत नाही म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मला ज्यांनी काम शिकवलं त्यांनी कानस कशी धरायची ते शिकवलं, गिऱ्हाईक कसं धरायचं तेही थोडंफार शिकवलं, पण सोडायचं कसं हे अजिबात नाही, कारण त्यांनी स्वतः जन्मात कोणाला सोडलं नाही आणि शेवटी उधारीच्या तीन वह्या ठेवून गेले.

मी वर्धा जिल्ह्यात, आर्वी-पुलगावच्या पट्ट्यात काम करतो. काम म्हणजे हार्मोनियम, आपली पेटी, आणि वर्षा-दोन वर्षांत एखादी पायपेटी. पियानो मी दोनदाच उघडा पाहिला, तोही नागपूरला, दुसऱ्याच्या हाताखाली. त्यात सव्वादोनशेच्या आसपास तारा असतात, पाहूनच घाम फुटला. पण पियानोवाल्याचं एक बरं आहे, पियानो घरातून हलत नाही, त्यामुळे ट्यूनरला गिऱ्हाईक नको झालं तर त्याने फक्त जायचं बंद करायचं. आपलं उलटं आहे. पेटी आपल्या घरी येऊन पडलेली असते, कधी सहा-सहा महिने, आणि जोवर ती आपल्या फळीवर आहे तोवर गिऱ्हाईक सुटलेलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट, ही डोक्यात पक्की बसवा. शहरात गिऱ्हाईक सुटलं की सुटलं. इथं त्याचा साळा शेजारच्या गावच्या गुरुदेव सेवा मंडळात खंजिरी वाजवतो, त्याची पोरगी तुमच्या मावशीच्या गावात दिलेली असते, आणि पुढच्या महिन्यात कोणाच्या तरी तेरवीत तुम्ही दोघं एकाच पंगतीत बसणार असता. म्हणून मी पोरांना सांगतो की माणूस सोडायचा नाही, त्याची पेटी सोडायची. हे दोन वेगळं ठेवता आलं तर बाकी सगळं जमतं.

पहिलं काम: आपली चूक तर नाही ना

गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की पहिल्या मिनिटात आपल्याला वाटतं हा कटकट्या आहे. थांबा. दहातल्या चार तक्रारी तरी आपल्याच कामाच्या निघतात, निदान माझ्या तरी निघायच्या. रीडबोर्ड उघडा ठेवून लावलेला सूर आणि तोच सूर पेटी बंद केल्यावर, यात फरक पडतो, त्यामुळे पेटी बंद करून, स्क्रू आवळून, परत प्रत्येक पट्टी ऐकलीच पाहिजे. हे न करता पेटी दिली असेल तर गिऱ्हाईक बरोबर आहे आणि तुम्ही चूक आहात, विषय संपला.

मग बघायचं की मधे काय झालं. आपल्याकडे पेटी कुठं ठेवतात ते जाऊन बघा एकदा. ज्या खोलीत कापूस भरून ठेवला त्याच खोलीत, ढिगाला टेकून. कापसाची बारीक रुई हवेत उडते, भाता ती आत ओढतो आणि ती जाऊन रीडच्या जिभेखाली, म्हणजे वाऱ्याने थरथरणाऱ्या पितळी पातीखाली, बसते, सूर एकदम बंद होतो नाही तर घरघर करतो. गणपतीत गुलाल तसाच जातो, काकड्यात बुक्का. उंदीर तर कातडं सोडतच नाही. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी दाबली की वरच येत नाही, आणि आपल्या एप्रिल-मेच्या वाळवणाऱ्या उन्हात तेच लाकूड आकसून फट पडते, वारा गळतो, मग गिऱ्हाईक म्हणते “मास्तर, तुमी भाता बराबर नाई बसवला.” यातलं काहीच ट्यूनिंगचं नाही, पण हे गिऱ्हाइकाला माहीत नसतं आणि त्याला माहीत नसणं हा त्याचा गुन्हा नाही. सूर बंद असेल तर त्याच्यासमोर पेटी उघडा, जिभेखालून पातळ कागद सरकवा, रुईचा कण काढून त्याच्या तळहातावर ठेवा. माझे कितीतरी भांडखोर लोक त्या एका कणावर गार झालेत.

भात्याचंही सांगायला लागतं. जोरात भाता मारला की रीडचा सूर किंचित उतरतो, खर्जात जास्त. भजनात माणूस रंगात आला की पेटी ठोकतो, आणि घरी येऊन मोबाइलवर ट्यूनर लावून बघतो तेव्हाही तेवढ्याच जोरात ठोकतो, मग काटा डावीकडे जातो आणि फोन आपल्याला येतो. “हळू भरा काका, मग बघा.” एवढंच.

तीनदा असं बघूनही तक्रार टिकली, आणि दर वेळी वेगळी निघाली, तर पुढं वाचा.

वही ठेवा, डोक्यात ठेवू नका

राग आला म्हणून गिऱ्हाईक सोडायचं नाही आणि दया आली म्हणून ठेवायचं नाही, वही बघून ठरवायचं. प्रत्येक पेटीचं एक पान. कधी आली, कोण घेऊन आलं, काय केलं, किती वेळ गेला, किती वेळा परत आली, पैसे किती आले, किती राहिले. गावाला जावं लागलं तर किलोमीटर.

एकदा मी असंच एका पानाचा हिशोब केला तो सांगतो. साडेतीन सप्तकाची डबल लाइन पेटी, म्हणजे ४२ पट्ट्या, ८४ सूर. एका सुराला तीन मिनिटं धरली तरी २५२ मिनिटं, म्हणजे चार तास नुसतं घासणं-ऐकणं, वरून सफाई, कातडं, परत बसवणं, एक पूर्ण दिवस गेला. मजुरी १५०० ठरली होती. त्यात कातडं-फेल्ट अडीचशेचं. मग तक्रारी सुरू. गाव माझ्याकडून २४ किलोमीटर. पहिल्यांदा पोचवायला गेलो, नंतर तीनदा “येऊन पाहून जा ना बा” म्हणून गेलो, चार चकरा म्हणजे १९२ किलोमीटर, चार लिटर पेट्रोल, चारशेच्या वर. हातात राहिले आठशे-साडेआठशे, आणि दिवस गेले साधारण तीन. सोयाबीन सोंगायला गेलो असतो तर जास्त भेटले असते, आणि संध्याकाळी कोणी “सूर हलते” म्हणून फोनही केला नसता.

हे पान बघितलं तेव्हा मला त्या माणसाचा राग आला नाही, स्वतःचाच आला. कारण चकरांचे पैसे मी कधी सांगितलेच नव्हते. त्याला वाटत होतं हे फुकट आहे. माझ्या जागी तुम्ही असाल तर गिऱ्हाईक सोडायच्या आधी एकदा चकरेचा दर सांगून बघा, अर्धे कटकटे तिथंच संपतात. हा संपला. आता तो वर्षातून एकदा पेटी घेऊन एसटीने स्वतः येतो, मांडीवर घेऊन, डिकीत टाकत नाही.

यांना सोडायचं नाही

उधारीवाला. नवीन पोरं पहिल्यांदा यालाच सोडतात आणि चुकतात. आपल्या भागात पैसा महिन्याला येत नाही, सोयाबीन निघालं की येतो, कापूस मोडला म्हणजे विकला की येतो, तिकडे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीत धान निघाला की. “दिवाळीनंतर देतो” म्हणणारा माणूस दिवाळीनंतर देत असेल तर तो नगदीवालाच आहे, त्याचा महिना जरा लांब आहे इतकंच. सामानाचे पैसे आधी घ्या, मजुरी पुढं लिहा. ज्या वर्षी पावसाने सगळं नेलं त्या वर्षी त्याच्या दारात जाऊ नका. मात्र दोन हंगाम कोरडे गेले, आणि तिसऱ्या वर्षी त्याच्या अंगणात नवीन गाडी उभी दिसली, आणि तुमची बाकी तशीच, तर ती गोष्ट वेगळी.

फार प्रश्न विचारणारा. ठेवा याला. हा तुमचा कान तयार करतो.

म्हातारे भजनी बुवा, ज्यांना ऐकू कमी येतं आणि ज्यांना सगळ्याच पेट्या उतरलेल्या वाटतात. यांना काय सोडायचं? चहा पाजा, दोन अभंग ऐका, पेटी पुसून द्या. एका बुवांनी माझ्याकडून पाच वर्षांत पन्नास रुपयाचं काम करून घेतलं नसेल, पण आजूबाजूच्या चार गावांची मंडळं त्यांच्या शब्दावर माझ्याकडे आली.

आणि गर्दीच्या दिवसांत घाई करणारा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीचे कार्यक्रम गावोगावी लागले, लोक मोझरीला निघाले, की सगळ्यांनाच पेटी कालच पाहिजे असते. त्या आठवड्यात कोणी आवाज चढवला तर तो वहीत लिहू नका. झाडीपट्टीची नाटकंही दिवाळीनंतर सुरू होतात ती होळीच्या आगेमागेपर्यंत, वडसा भागातल्या कंपनीचा माणूस सकाळी सहाला फोन करून रात्रीच्या प्रयोगासाठी ऑर्गन मागत असेल तर तो उद्धट नाही, तो रात्रभर जागा आहे.

यांना सोडायचा विचार करा

पेटीत स्वतः हात घालणारा. यूट्यूबवर बघून ब्लेडने जीभ घासतो, मग तुमच्याकडे आणतो आणि म्हणतो तुमच्यानंतर बिघडली. सूर चढवायला जिभेचं टोक घासतात आणि उतरवायला मुळाजवळ, एवढंच त्याने ऐकलेलं असतं, किती घासायचं ते नाही. मुळाशी खोल ओरखडा दिसला की समजायचं. पहिल्यांदा सांगा, दुसऱ्यांदा फोटो काढून दाखवा, तिसऱ्यांदा पेटी घेऊ नका. कारण ती जीभ एक दिवस भजनात तुटणार आणि नाव तुमचं येणार.

मजुरी ठरवून नेताना कमी देणारा. ठरले पंधराशे, न्यायला आला की हजार टेकवतो, “राहू द्या ना आता, घरचेच हाव आपण.” एकदा चालतं. वहीत दोनदा दिसलं तर पुढच्या वेळी आधी पैसे, मग पेटी. तो रागावून दुसरीकडे गेला तर तुम्हाला काहीच करावं लागलं नाही, बरंच झालं.

तुमच्या पोराशी नीट न बोलणारा. याबाबतीत माझ्याकडे तीनदा संधी वगैरे काही नाही. माझ्याकडे एक पोरगं शिकायला होतं, कान माझ्यापेक्षा चांगला. एका देवस्थानच्या पेटीचं काम आलं, आणणाऱ्याने पोराला आडनाव विचारलं आणि मला बाजूला घेऊन म्हणे, “देवाची पेटी हाय मास्तर, याचा हात नका लागू देऊ.” मी पेटी उघडलीच नव्हती, तशीच गाडीवर ठेवून दिली त्याच्या. काही बोललो नाही. पोरगं आतून बघत होतं.

आणि आता चौथा, ज्याच्यावर मला जास्त सांगायचं आहे, कारण तो वाईट माणूस नसतो आणि म्हणूनच सुटत नाही.

आमच्याकडचे एक शाळेतले सर. सज्जन माणूस, पैसे वेळेवर, फोनपे लगेच. गातात काळी एकमध्ये, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी त्यांचा सा. तानपुऱ्याचं अ‍ॅप लावून रियाज करतात आणि त्यांना पेटीचा गांधार (सारेगमधला ग) टोचतो. बरोबरच आहे त्यांचं. पेटी आपण बारा सारख्या भागांत लावतो, एका सुरापासून दुसरा शंभर सेंट (सुरांमधलं अंतर मोजायचं माप), त्यामुळे सा पासून गांधार चारशे सेंटवर येतो, आणि तानपुऱ्यात ऐकू येणारा गांधार असतो साधारण ३८६ वर. चौदा सेंटचा फरक, कान तयार असला की खुपतोच. पेटीच्या बांधलेल्या सुरांवर आक्षेप घेणारे सर पहिले नव्हेत, ऑल इंडिया रेडिओने तर १९४० पासून तीसेक वर्षं पेटी वाजवूच दिली नाही. तर सर म्हणाले गांधार उतरवा. काळी एकचा गांधार म्हणजे पांढरी चार. मी तिन्ही सप्तकांत पांढरी चार चौदाने उतरवून दिली. सर खूश. एक अभंग म्हणून दाखवला.

पंधरा दिवसांनी फोन. “मास्तर, पांढरी चार उतरली.” त्यांची मुलगी शाळेच्या प्रार्थनेला पांढरी चारचाच सा धरून गाते, अ‍ॅपमध्ये काटा डावीकडे. मी समजावून सांगितलं की सर, तुम्हीच उतरवायला सांगितली, आता तुमचा गांधार हाच तिचा सा आहे, एक सूर दोघांचं ऐकू शकत नाही. “हो हो, पण थोडी चढवून द्या ना.” चढवली. महिन्याने, “गांधार परत टोचतोय.” उतरवली. मग म्हणे स्केल चेंजर पेटी घेतली तर सुटेल का. नाही सुटणार सर, पट्ट्या सरकतात, खालचं रीड तेच राहतं. मग मधलं काहीतरी करा म्हणाले, सातने. सातने केलं, तेव्हा बापाला पण टोचलं आणि पोरीला पण.

एका वर्षात ते रीड मी सहा वेळा घासलं. वर टोकाला, खाली मुळाशी, वर, खाली. पितळ आहे ते, साबण नाही, पण घासून घासून त्याची जीभ उजेडात धरली तर पातळ दिसायला लागली होती आणि आवाज आजूबाजूच्या सुरांपेक्षा बारीक झाला होता. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मी सरांना नाही म्हणत नाही म्हणून त्यांची पेटी खराब होऊन राहिली. वहीत त्यांचं पान पैशाने भरलेलं होतं, प्रत्येक चकरेचे त्यांनी दिले होते. म्हणजे वहीसुद्धा इथं पूर्ण खरं सांगत नाही बरं का. पैसे मिळत असूनही काम बंद करायची वेळ येते, जेव्हा तुमच्या हाताने वाद्याचं नुकसान व्हायला लागतं तेव्हा.

सोडायच्या आधी एकदा समोर बसा

फोनवर नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर तर अजिबात नाही, तो मेसेज संध्याकाळपर्यंत चार ग्रुपवर फिरतो. समोर बसून सांगा की यापुढं माझी पद्धत अशी राहील. पेटी घेतानाच दोघांच्या समोर सगळ्या पट्ट्या हळूहळू वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड करायच्या, सुरुवातीला तोंडाने तारीख सांगायची. काय करायचं ते चिठ्ठीवर लिहायचं, “काळी एक, गांधार उतरवलेला” असं स्पष्ट, आणि त्याची सही नाही तर निदान त्याच्या मोबाइलमध्ये चिठ्ठीचा फोटो. देताना परत रेकॉर्डिंग. पंधरा दिवसांत काही निघालं तर फुकट, नंतर चकरेसकट पैसे. हे ऐकून काही लोक नाक मुरडतात, “एवढं कोर्टकचेरीसारखं कायले?” मुरडू द्या. जे राहतात ते चांगले राहतात.

दर दुप्पट सांगून पळवून लावायची आयडिया बरेच जण देतात. मी एकदा केली. माणूस म्हणाला, “चालन, देतो ना डबल.” आणि मग त्याने डबल पैशाचं डबल डोकं खाल्लं, रात्री साडेदहाला फोन, “आता त डबल देऊन राहिलो मास्तर.” तेव्हापासून ज्याचं काम करायचंच नाही त्याला भाव सांगत नाही.

कधी आणि कसं

दिवस निवडा. गणपती, नवरात्र, पुण्यतिथी, काकडा, प्रकटदिन, गावचा सप्ताह, यांच्या तोंडावर कोणाचंही काम सोडायचं नाही, मग माणूस कितीही चुकलेला असो. ऐनवेळी पेटी परत केली तर तुम्ही त्याला नाही, त्याच्या सगळ्या गावाला अडवलं असं होतं, आणि गाव ते पंधरा वर्षं लक्षात ठेवते. मला होळी झाल्यापासून मृग लागेपर्यंतचा काळ बरा वाटतो. तेव्हाही कुठं सप्ताह असतात, विचारून घ्या, पण साधारण सगळे रिकामे असतात आणि दुसरा कारागीर शोधायला त्याच्याकडे वेळ असतो.

पेटी अडकवून ठेवायची नाही. बाकी कितीही असो. “पैसे आणा मग पेटी न्या” हे दुकानात ठीक आहे, पण एकदा सोडायचं ठरलं की पेटी वाजती करून, पुसून, स्क्रू सगळे लावून परत द्यायची, अ‍ॅडव्हान्स घेतला असेल आणि काम केलं नसेल तर तो पेटीच्या आधी त्याच्या हातात. काढलेलं जुनं रीड, जुनं कातडं पुडीत बांधून सोबत, नाही तर उद्या ऐकायला येतं की जर्मन सूर काढून गुजरातच्या पालिताण्याचे देशी टाकले. हे खोटं सांगत नाही, माझ्याबद्दल असं एका गावात अजून बोलतात, आणि त्या पेटीत जर्मन सूर कधी नव्हतेच.

बोलायचं थोडं. कारणं जितकी जास्त सांगाल तितका तो प्रत्येक कारणावर तोडगा काढत बसेल. आणि खोटं कारण नको. “तब्येत बरी नाही” म्हणालात आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या चुलतभावाची पेटी घेतली की झालं. मी साधारण असं म्हणतो, “काका, तुम्हाला जसा सूर पाहिजे तसा माझ्या हातून होऊन नाही राहिला. पेटी चांगली आहे, माझ्याने अजून खराब होऊ नये असं वाटते. वर्ध्याला एक जण आहेत, त्यांच्याशी बोललो मी, ते बघतील.” यातला शेवटचा भाग नुसता बोलायचा नाही, खरंच आधी फोन करायचा त्या कारागिराला आणि खरी हकीकत सांगायची, मग त्याने हो म्हटलं तरच नाव द्यायचं. आपली डोकेदुखी न सांगता दुसऱ्याच्या गळ्यात बांधली तर पुढच्या वेळी तो तुमच्या गळ्यात बांधतो.

तो चिडेल. “एवढी वर्षं झाली आन् आता असं?” चिडू द्या, उत्तर देऊ नका, पाणी विचारा. पेटी स्वतः उचलून त्याच्या गाडीपर्यंत न्या. हे फार कामी येतं, का ते मला सांगता येत नाही.

नंतर

नंतर त्याचं नाव घ्यायचं नाही. चहाच्या टपरीवर कोणी विचारेल “त्याची पेटी कावून सोडली?” तर “सवड नाही भेटत” एवढंच. पहिले दोन महिने तुम्हाला गल्ल्यात फरक दिसेल, मला दिसला होता, बायकोने विचारलंसुद्धा. मग मोकळ्या वेळात राहून गेलेली कामं पुढं सरकतात. सरांची पेटी सोडली त्या उन्हाळ्यात मी आठ महिने पडलेली एक तीन लाइनची पेटी पूर्ण केली, १२६ सूर, आणि तिचे पैसे सरांच्या वर्षभराच्या पैशांपेक्षा जास्त आले.

परत आलं कोणी तर? येतात. ज्याने मजुरी कापली होती तो आला तर जुनी बाकी आधी, आणि नवीन काम चिठ्ठीवर. स्वतः घासणारा आला तर रीड मोजून, फोटो काढून. पोराला बोललेला आला नाही अजून, आला तर पोरगं ठरवेल, तो आता यवतमाळकडे स्वतःचं दुकान चालवतो.

सर मागच्या वर्षी आले. गाडीवर मागं पेटी बांधलेली, मी लांबूनच ओळखलं आणि पोटात गोळा आला. पण पेटी त्यांची नव्हती, गावच्या भजन मंडळाची होती, मंडळाने त्यांना सेक्रेटरी केलंय. खाली बसले, चहा घेतला, पोरगी आता अमरावतीला शिकते म्हणाले. मी रेकॉर्डिंग केलं, चिठ्ठी काढली, आणि सवयीने विचारलं, “गांधार कसा ठेवायचा?”

सर पेटीकडे बघत राहिले थोडा वेळ.

“मंडळाले विचारून सांगतो,” म्हणाले.